एक मूठ बाजूला: साताऱ्यातल्या तरुण संघाच्या प्रकल्प नोंदी

९ मे २०२४, गुरुवार

पाळकसाहेब म्हणाले, "लिहून ठेव, नाहीतर वर्षअखेरीला पंचमंडळी म्हणतील, काहीच झालं नाही." म्हणून ही वही. मी सचिव. पोटापाण्यासाठी पतसंस्थेत कारकुनी करते, त्यामुळे हिशोबाची सवय आहे, बाकी लिखाणाची नाही.

आमच्या चर्चचा तरुण संघ गेली तीन वर्षं पाटीपुरताच उरला होता. नाताळात कॅरल फेरीला जागा व्हायचा आणि जानेवारी लागला की झोपायचा. आता मिझोरामहून एक मिशनरी जोडपं आलंय. त्यांच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या मध्यवर्ती सभेने, दोन वर्षांसाठी पाठवलंय. सदरबझारात दोन खोल्या घेतल्यात भाड्याने.

आजीला भेटवायला नेलं. मिशनरी म्हटल्यावर तिच्या डोळ्यापुढे गोरा साहेब आणि त्याची हॅटवाली मडम. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "यांना पासपोर्ट लागला नाही ना? मग मिशनरी कसले?" खरं तर त्यांना सातारा परदेशच आहे. भाषा येत नाही, लिपी येत नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या भात मिळत नाही. त्यांच्या राज्यात शंभरातले सत्याऐंशी लोक ख्रिस्ती, आपल्या महाराष्ट्रात जेमतेम एक.

आज रेव्हरंड टिळकांचा स्मृतिदिन. पाळकसाहेबांनी प्रार्थनेनंतर दोन शब्द सांगितले: १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच सतरंजीवर बसायचे. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले. हे सगळं मी हिंदीतून मिझो पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "फिर दरबार किसने चलाया?"

आम्ही सगळे पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी चहा आला का बघितलं.

१९ मे, रविवार

पहिली सभा. वेळ सहाची. सहा वाजता खोलीत ते दोघं आणि मी. पावणेसातला अकरा जण.

काय म्हणून हाक मारायची, हा पहिला विषय. त्यांच्यात मोठ्या माणसाला आदराने 'पू' म्हणतात आणि बाईमाणसाला 'पी'. हे सांगितल्यावर पोरं हसून लोळायची बाकी राहिली. एका बारक्याने मला विचारलं, "ताई, जखमेतला?" मग मी डोळे वटारले. शेवटी दादा आणि वहिनी ठरलं. नमस्काराला मात्र त्यांचा शब्द घेतला, 'चिबाई'. आता चर्चच्या आवारात सलामबरोबर चिबाईही ऐकू येतो. आजी म्हणते, कुठली बाई?

(वहिनी म्हणाल्या, "मुझे रोज़ बाई खाना पसंद है." त्यांच्याकडे पालेभाज्यांच्या पातळ कालवणाला 'बाई' म्हणतात. यावर पुढच्या पंधरा मिनिटांत एकही काम झालं नाही.)

२ जून, रविवार

दादांनी खोलीची चावी घ्यायला नकार दिला. पाळकसाहेबांना वाटलं, संकोच असेल. दादा म्हणाले, चावी माझ्याकडे असली तर मी आजारी पडलो की संघ आजारी. चावी दहावीच्या वर्गात गेलेल्या एका मुलीकडे दिली. तिच्या आईला ते जबाबदारीचं ओझं वाटतंय, मुलीला अभिमान. बघू.

हजेरीचं रजिस्टर सुरू केलं. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने 'उ'. कल्पना वहिनींची. त्यांच्याकडे चर्चच्या तरुणांची संघटना आहे, केटीपी म्हणतात, १९५४ पासूनची. तिथे पदाधिकारी निवडून येतात, हजेरी असते, आणि सभा घड्याळाच्या ठोक्याला सुरू होते. आमच्याकडे सहाचं म्हणजे पावणेसात, हे त्यांना मी समजावून सांगितलं. त्यांनी मला लाल पेन समजावून सांगितलं.

१५ जून, शनिवार

आज जादा सभा, कारण दादांना तारीख साधायची होती. १९३५ साली याच तारखेला मिझोराममध्ये (तेव्हाचं लुशाई हिल्स) यंग लुशाई असोसिएशन सुरू झाली. १९४७ मध्ये तिचं नाव यंग मिझो असोसिएशन झालं. वेल्श मिशनरी आणि मिझो पुढारी दोघांनी मिळून काढलेली. पूर्वी गावातले तरुण मुलगे रात्री 'झोलबुक' नावाच्या मोठ्या सामाईक घरात झोपायचे. तिथेच शिकार, शिस्त, म्हाताऱ्याकोताऱ्यांची कामं, सगळं शिकायचे. शाळा आली तशी ती पद्धत मोडत गेली, आणि पोरांना वळण कुठे लावायचं हा प्रश्न उभा राहिला. ती जागा या संघटनेने भरली.

एक शब्द फळ्यावर लिहिला: त्लोमङाइहना. स्वतःची गैरसोय सोसून, न सांगता, न मिरवता दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. मराठीत एका शब्दात काय म्हणता येईल यावर वाद झाला. 'सेवा' म्हटलं तर हार घालून फोटो काढल्यासारखं वाटतं. कुणीतरी म्हणालं, 'पडेल ते काम.' तूर्त तेच ठेवलंय.

३० जून, रविवार

पैशाचा विषय. पंचांनी वर्षाला तीन हजार मंजूर केलेत. तबल्याला शाई लावून घ्यायची आणि पाऊस आत येतो ते पत्रे बदलायचे, एवढ्यातच ते संपतील. कुणीतरी सुचवलं, दादांच्या सिनडकडे मागू. दादांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला बघितला.

मग वहिनी बोलल्या. त्यांच्याकडे १९१० पासून 'बुहफाई थाम' चालतं. बुहफाई म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. घरची बाई जेवणाचे तांदूळ काढते तेव्हा एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. आठवड्याला मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन ते गोळा करतात, विकतात, आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. त्या म्हणाल्या, आम्ही दोघं साताऱ्यात आलो ते त्या मुठीवर. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांनी सातारा पाहिलेला नाही.

घरी सांगितलं तर वडील, रयतच्या शाळेतले निवृत्त मास्तर, पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "यात नवीन काय? कर्मवीरांचा मुष्टिफंड." १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात आली, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी आयाबाया मूठमूठ धान्य काढून ठेवायच्या. माझ्या आजीनेही टाकलं असेल की. म्हणजे जी गोष्ट आपल्याच परड्यातली, ती ऐकायला मिझोरामहून माणसं यावी लागली. सालही तेच, १९१९, ज्या साली टिळक गेले.

२२ घरांनी डबे ठेवायचं कबूल केलं.

७ जुलै, रविवार

पालखी जिल्ह्यात आहे, त्यामुळे निम्मी मुलं लोणंदकडे. आमच्या संघात येणाऱ्या सव्वीस जणांत नऊ जण ख्रिस्ती नाहीत. मित्रांबरोबर येतात, कॅरमला येतात, गिटारला येतात. त्यातल्या एकाच्या घरची वारी आहे. दादा त्याच्याबरोबर गेले आणि पाय सुजवून परतले. म्हणाले, इतके लोक एका सुरात चालताना गातात आणि कुणीही कागद बघत नाही.

नऊ जणांच्या पालकांशी बोलून घ्यायचं ठरवलं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती, मग घर कुठल्याही धर्माचं असो. खोलीचं दार सभेच्या वेळी उघडं. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. हे नियम आधीच करायला हवे होते, ही माझी चूक.

१४ जुलै, रविवार

एका मुलाचे वडील आले. मी छातीत धडधड घेऊन बाहेर गेले. हल्ली दिवस असे आहेत की मनात पहिलं तेच येतं. त्यांनी संमतीचा कागद वाचला, सही केली आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण रात्री साडेनऊला का सोडता? याची उद्या घटक चाचणी आहे."

सभा साडेसातला संपवायची. ठराव एकमताने.

२८ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस कोसळतोय. यवतेश्वरचा घाट ढगात. शुक्रवारी मंडळीतले एक वृद्ध सभासद गेले. शनिवारी अकराला दफन. नेहमी खड्डा खणायला येणारे दोघं आलेच नाहीत, एकाच्या घरात पाणी शिरलेलं आणि दुसऱ्याचा फोन बंद. नऊ वाजले तरी कबर नाही. घरचे लोक दारात प्रेतपेटीशेजारी बसलेले. पंचांची फोनाफोनी सुरू.

दादा कुणाला काही न विचारता टिकाव-फावडं घेऊन कब्रस्तानात गेले. त्यांच्याकडे कुणी गेलं की तरुण मुलंच कबर खणतात आणि रात्रभर त्या घरी बसतात, हे आम्हाला नंतर कळलं. मागोमाग संघातली मुलं गेली. पहिला हातभर चिखल, त्याखाली मुरूम, त्याखाली कातळाचा तुकडा. दोन फूट खणलं की पाणी भरायचं. कुणीतरी घरून प्लास्टिकचं टब आणलं, साखळी करून पाणी उपसलं. वारीला गेलेला पोरगाही त्यात होता. तो म्हणाला, आमच्यात जाळतात, मला खड्ड्याचं माहीत नाही, पण टब उचलता येतो. साडेअकराला कबर तयार झाली. बाजू जरा वाकडी होती.

रात्री त्या घरी आठ जण बसले. कुणी उपदेश केला नाही. गेलेल्यांची बायको पहाटे उठून म्हणाली, "पोरांनो, चहा घ्या, दूध नाही पण." कोरा चहा झाला.

फळ्यावरचा शब्द कुणीतरी पुसला होता. परत लिहिला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

गाण्याचं भांडण. भांडणच म्हणायचं.

मिझो लोक चार आवाजांत गातात: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास, म्हणजे उंचापासून खर्जापर्यंत. वेल्श मिशनरींनी त्यांना टॉनिक सोल-फा नावाची लिपी शिकवली. त्यात पाच रेघा नाहीत की टिपके नाहीत, नुसती अक्षरं: ड, र, म, फ, स, ल, ट. मात्रा दाखवायला मध्ये दोन टिंबं. गावातला शेतकरीही ती वाचून बास गातो म्हणे. दादांना आमच्या भजनावर, टिळकांच्या अभंगावर, हे चार आवाज चढवायचे होते. आमचे तबलावाले काका चाळीस वर्षं चर्चमध्ये वाजवतात. ते ऐकून म्हणाले, "अभंगाला चार तोंडं कशाला?"

दोन रविवार ते आलेच नाहीत. आज आले, कोपऱ्यात बसले. दादा मुलांना शिकवत होते की ड कुठल्याही पट्टीवर ठेवा, काळी एक की पांढरी चार, बाकीचे त्याच्या नात्याने बसतात. काका अचानक बोलले, "म्हणजे तुमचा ड आमच्या षड्जासारखा हलतो."

मी भाषांतर केलं. दादा उठून त्यांच्याजवळ गेले. पुढचा अर्धा तास त्या दोघांना भाषेची गरज पडली नाही. ड-र-म-फ आणि सा-रे-ग-म समोरासमोर लिहिले, म्हणजे सरळ बिलावल झाला. मग काकांनी भैरव गाऊन दाखवला, त्यातला कोमल रिषभ दादांच्या अक्षरांत बसवायची खटपट झाली.

तडजोड अशी: कडवी एका आवाजात, काकांच्या ठेक्यात, जशी आहेत तशी. फक्त शेवटचं ध्रुपद परत येतं तेव्हा चार आवाज उघडायचे. टेनरमध्ये अजून तिघंच आहेत, त्यातल्या एकाचा आवाज फुटतोय.

१८ ऑगस्ट, रविवार

तांदळाचा पहिला मोठा हिशोब. बावीस घरांतून दीड महिन्यात १९ किलो. अपेक्षेपेक्षा कमी. कारणं: डबा ठेवतात पण मूठ विसरतात, दोन घरांत सुनेला वाटलं सासू टाकते आणि सासूला वाटलं सून. आणि मुख्य म्हणजे सातजणी म्हणाल्या, आमच्यात रोज भात नसतो, भाकरी असते. मग ज्वारीची मूठ चालेल का? वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, मूठ महत्त्वाची. ज्वारीचा वेगळा डबा.

अडचण दुसरीच आहे. कुणाचा इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा, सगळा एकत्र. असला मिसळीचा तांदूळ शिजवला तर अर्धा चिकट आणि अर्धा कच्चा. विकत कोण घेणार?

पोवई नाक्यावर कुणीतरी वहिनींना 'चायना' म्हणून ओरडलं, आणि आमच्या एका पोराने त्याची कॉलर धरली. वहिनींनीच सोडवलं. पोराला ओरडल्या, मग त्याच्यासाठी वडापाव घेतला.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. हजेरी ९. सभा अर्ध्या तासात आटोपली.

२२ सप्टेंबर, रविवार

सभेनंतर दादा थांबले. आयझॉलहून फोन आला होता. त्यांची आई अंथरुणाला खिळली आहे आणि घरी दुसरं कुणी नाही. सिनडने परत बोलावलंय. नोव्हेंबर अखेरीस जाणार. दोन वर्षांचे सहा महिने झाले.

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक "मग संघाचं काय?" असंच म्हटलं असेन, कारण त्यांनी फक्त भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. खिळ्याला चावी नव्हती. ती त्या मुलीच्या दप्तरात असते.

आज मला त्यांचा राग आला, ते इथे लिहून ठेवते. माणसं अशी येतात, लळा लावतात, आणि जातात. आजीच्या लहानपणच्या मडमही तशाच गेल्या.

६ ऑक्टोबर, रविवार

तांदळाला वाट सापडली. पाळकीणबाईंनी सगळा डबा उपडा करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, भाजणीला काय कळतं इंद्रायणी की रेशन? दिवाळी आलीये."

चकलीची भाजणी. आपल्यात नाताळालाही चकल्या होतातच, पण गिऱ्हाईक दिवाळीचं मोठं. प्रमाण चार, दोन, एक: ४० किलो तांदूळ, २० किलो हरभरा डाळ, १० किलो उडीद डाळ, शिवाय धणे-जिरे. तांदूळ आत्तापर्यंत ४६ किलो जमलेत, म्हणजे पुरतात.

२० ऑक्टोबर, रविवार

धुतलेला तांदूळ वाळेना. पाऊस जायचं नाव घेत नाही. शेवटी चर्चच्या हॉलमध्ये बाकं सरकवून जुनी धोतरं आणि चादरी पसरल्या, चारही पंखे लावले. सकाळच्या उपासनेला मंडळी मागच्या अर्ध्या हॉलमध्ये दाटीने बसली. एका पंचांनी नाराजी नोंदवली, ती मी इथे नोंदवते.

भाजताना शहाणपण आलं. रेशनचा जाडा दाणा उशिरा भाजतो, तोवर कोलम लाल होतो. म्हणून मंद आच आणि सतत हलवणं. मुलगे पाळीपाळीने कढईवर. दहा वर्षं आईने भाजणी करताना बघितली असून हातात पहिल्यांदाच उलथनं धरलं, असं एकाने कबूल केलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हिशोब. भाजून-दळून ६६ किलो भाजणी उतरली. १८० रुपये किलोने सगळी संपली, जमा ११,८८० रुपये. खर्च: हरभरा डाळ १,९००, उडीद १,२५०, धणे-जिरे आणि गॅस ४५०, दळण ७००, पिशव्या २८०. एकूण ४,५८०. शिल्लक ७,३००. पत्रे होतील.

ज्वारी २३ किलो. ती विकली नाही, जुलैत ज्या घरी कोरा चहा प्यालो तिथे पोचवली. ठराव नव्हता, कुणी विचारलंही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीच्या गाड्यांच्या भोंग्यांत सभा. पाळकसाहेबांनी आज एक गोष्ट सांगितली. अमेरिकन बोर्डाचे (अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या संस्थेचे) चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि त्यांचा आग्रह असा की मंडळीचा पाळक इथलाच हवा, खर्च तिचा तिने चालवावा, कारभार तिनेच बघावा. मिशनरीने पुढच्या गावी जावं. दादा म्हणाले, आमच्याकडे १९६६ च्या उठावानंतर परदेशी मिशनरींना जावं लागलं, तेव्हा लोकांना वाटलं आता संपलं. उलट त्यानंतर आम्ही दुसरीकडे जास्तच माणसं पाठवायला लागलो.

पदाधिकाऱ्यांची निवडणूक घेतली, चिठ्ठ्या टाकून. अध्यक्ष: चावीवाली मुलगी. वय सोळा. घरची परीक्षेची अट मान्य करून: फेब्रुवारी-मार्च ती येणार नाही, तेव्हा चावी उपाध्यक्षाकडे. मी सचिव कायम, दोन मतांनी.

२४ नोव्हेंबर, रविवार

स्वारगेटच्या एसटीत बसवून दिलं. वहिनींच्या पिशवीत कंदी पेढे आणि दोन किलो भाजणी. आजी नाही म्हणत असताना स्टँडवर आली. "चिबाई," म्हणाली, मग मला विचारलं, "जाताना पण हेच म्हणतात ना?" मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "का लोम ए," म्हणजे आभार. आजी त्यालाही चिबाईच म्हणाली.

२५ डिसेंबर, बुधवार

ध्रुपद चार आवाजांत झालं. टेनर दुसऱ्यांदा घसरला. काकांनी ठेका धरून ठेवला म्हणून सावरलं. फोनवरून आयझॉलला ऐकवलं, पण तिकडे रेंज तुटत होती.

२९ डिसेंबर, रविवार

डबे: १७ घरं चालू, ५ बंद. तांदूळ ११ किलो, ज्वारी ८. पत्र्याच्या कामाची तारीख १२ जानेवारी.

मी कोरेगावहून येत होते, एसटी क्षेत्र माहुलीला अडकली. पोचले तेव्हा सहा वीस. वाटलं, सगळे बाहेर ताटकळत असतील. खोली उघडी होती, दार सताड, प्रार्थना होऊन गाणं सुरू झालेलं. कुणी थांबलं नव्हतं. रजिस्टर टेबलावर होतं. सचिवाच्या नावापुढे लाल 'उ'.